ओढामंत्री

बांबूच्या वरच्या टोकाला गुरुजी होते, त्यांच्यामागे दत्तू, मग भिका, मग जनी आणि शेपटाला मी. पाणी माझ्या कमरेला लागत होतं, म्हणजे जनीच्या छातीला. पायाखालचे गोटे सरकत होते आणि त्यांचा आवाज पाण्याच्या आवाजाखालून येत होता, जात्यात खडा सापडल्यासारखा. पलीकडच्या काठावर आत्या उभी राहून हात हलवत होती. पुढं या म्हणते की मागं फिरा म्हणते, ते कळत नव्हतं. आभाळ निळं होतं. पुष्कळांना हे खरं वाटत नाही, पण निळं होतं, ऊन पडलं होतं. मग वरच्या वळणावरून आवाज आला. गुरुजींनी मान वळवून तिकडं बघितलं, आणि मी गुरुजींच्या तोंडाकडं बघितलं. त्यांना कळलं होतं. "बांबू सोडू नका," ते म्हणाले. वर्गात "पाढे म्हणा" म्हणायचे, त्याच आवाजात.

आम्ही त्या पाण्यात का होतो, ते सांगितल्याशिवाय पुढचं सांगण्यात अर्थ नाही.

आमचा पाडा माथेरानच्या पायथ्याला, ओढ्याच्या पलीकडं. घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. शाळा अलीकडं, गावात. आमच्या घरात माणसं दोन, आत्या आणि मी. आई माझ्या जन्मानंतर लगेच गेली. तिचं मला काही आठवत नाही, आणि आठवल्याचं सोंग करायची मला सवय नाही. बाप माथेरानला हातरिक्षा ओढायचा. पावसाळ्यात वरची हॉटेलं बंद झाली की तो खाली उतरायचा, भात लावायचा, गणपती पोचवले की पुन्हा वर चढायचा. घरी असला तरी तो बहुतेक झोपलेलाच असे. आठ महिने दुसऱ्यांची वजनं ओढून माणूस घरी आला तर झोपणारच. आत्या त्याची थोरली बहीण, विधवा. ती वाईट नव्हती. तिला बोलायचा कंटाळा होता. मला हाक मारायची तर "गं" एवढंच. शेवंता हे माझं नाव तिच्या तोंडून मी मोजक्या वेळा ऐकलं असेल.

सकाळी नाचणीची भाकरी आणि भाजलेली सुकट, नाहीतर मीठ-मिरची. संध्याकाळी पेज. भाद्रपदात दत्तू आणि भिका हे शेजारचे भाऊ ओढ्यातल्या चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरायचे आणि त्यातल्या एकदोन आम्हाला आणून द्यायचे. आत्या त्या पाट्यावर ठेचायची, फडक्यातून रस गाळून सार करायची. त्या दिवशी घराला वास यायचा आणि घर भरल्यासारखं वाटायचं. एरवी घरात आवाज दोनच, उखळाचा आणि ओढ्याचा. उखळ थांबलं की ओढा राहायचा. जेवताना आम्ही समोरासमोर बसायचो आणि दोघीही ओढा ऐकायचो. मला वाटायचं, सगळ्यांच्या घरी असंच असतं. शाळेत जायला लागल्यावर कळलं की लोक जेवताना बोलतात.

पाड्यावर आणखी एक गोष्ट होती. वाईटाचं नाव घ्यायचं नाही. सापाला लांबडं म्हणायचं. दिवा विझवला म्हणायचं नाही, वाढवला म्हणायचं. ही दोन सगळीकडं असतात. आमच्याकडं ओढ्याचंही होतं. ओढा भरून आला तरी पूर हा शब्द कोणी तोंडातून काढत नसे. "पावना आलाय" म्हणायचं, किंवा नुसतं गप्प बसून गुरं आत घ्यायची. आत्या म्हणायची, "नाव घेतलं का त्ये उंबऱ्यापर्यंत येतं." मी पूर हा शब्द पहिल्यांदा वाचला तो शाळेच्या पुस्तकात. तो मोठ्यानं वाचताना मी अडखळले. गुरुजींना वाटलं, मला जोडाक्षर येत नाही. त्यात जोडाक्षर कुठं आहे, असं तेच मग म्हणाले.

गुरुजींचं नाव मी लिहीत नाही. त्यांच्या घरची माणसं कुठं तरी असतील. ते देशावरचे, नगरकडचे, वयानं तरुण, लग्न व्हायचं होतं. शाळेच्याच एका कोपऱ्यात राहायचे आणि स्वतः चुलीवर करून खायचे. भाताला नावं ठेवायचे. "तुमच्या भातानं पोट फुगतंय, भरत न्हाई," असं म्हणायचे, आणि गावाकडून कोणी आलं तर ज्वारीचं पीठ मागवायचे. ज्वारीची भाकरी थापताना ते दारात बसून आम्हाला दाखवायचे, जशी काही आम्ही भाकरी कधी बघितलीच नव्हती. संध्याकाळी पोरं गेली की ते एकटेच ओट्यावर बसलेले असत. ओढा ओलांडून मी मागं वळून बघायची, तेव्हा ते तिथंच असायचे. आमच्या घरासारखंच दिसायचं ते.

मंत्रिमंडळ त्यांनीच काढलं. एक दिवस येऊन म्हणाले, "आजपासून ही शाळा तुमच्या मतानं चालंल. मंत्री तुम्ही निवडायचे." पोरं हसली. उभे राहणारे भिंतीकडं तोंड करून उभे केले, प्रत्येकाच्या मागं एक करवंटी ठेवली आणि बाकीच्यांना चिंचोके दिले. ज्याला निवडायचं त्याच्या करवंटीत चिंचोका टाकायचा. चिंचोका पडला की टक् असा आवाज यायचा आणि भिंतीकडं तोंड करून उभा असलेला कान टवकारायचा. पाटलाची सुलोचना मुख्यमंत्री झाली. यशवंत सफाईमंत्री झाला, कारण तो सगळ्यांना कैऱ्या द्यायचा.

मग गुरुजींनी प्रत्येकाला उभं करून विचारलं, "तुला काय पाहिजे?" असं आम्हाला कोणी विचारलं नव्हतं. एक म्हणाला खाऊ, एक म्हणाला गणित नको. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "वढ्याला पानी चढलं का आमाला सोडा."

"चढलं हे कोण ठरवणार?"

"आमी."

"आम्ही म्हणजे कोण? नाव सांग."

मी इकडंतिकडं बघितलं. पाड्यावरून येणारे आम्ही चौघंच. दत्तू खाली बघत होता, भिका नाक ओढत होता आणि जनी पहिलीत होती. म्हणून मी म्हटलं, "मी."

"मग तू ओढामंत्री," गुरुजी म्हणाले. "कोणत्याच राज्यात असं खातं न्हाई. आपल्याकडं आहे."

खुणेसाठी आम्ही एक गोल पांढरा गोटा शोधला आणि काठावर, पाण्याच्या वर हातभर उंचीला बसवला. मधल्या सुट्टीनंतर मी जाऊन बघायचं. गोट्याला पाणी लागलं तर पाड्याची पोरं सुटली. श्रावणात तसं काही वेळा झालं. मी धावत यायची, दारात उभी राहायची आणि म्हणायची, "दगड बुडला." गुरुजी हातातला खडू खाली ठेवायचे. बस्स, एवढंच. पण मोठा माणूस माझ्या बोलण्यावर खडू खाली ठेवतो, हे माझ्या आयुष्यात तेव्हाच झालं. पुढं लग्न झालं, पोरं झाली, नातवंडं झाली. तसं परत झालं नाही.

गुरुजी एकदा म्हणाले, "दगड बुडला, दगड बुडला काय? पूर येतोय म्हण की सरळ."

"तसं बोलत नाय गुरुजी."

"मंत्र्यानं सरळ बोलावं," ते म्हणाले.

गणपती झाले. बाप वर गेला. भात पोटरीला आलं होतं. दुपारी इकडं ऊन पडायचं आणि वर डोंगरावर ढग बसलेला असायचा. त्या दिवसांत ओढा फसवतो. आपल्या डोक्यावर थेंब पडत नाही आणि डोंगरावर पडलेलं सगळं तासाभरानं खाली येतं. हे आमच्याकडं पोरांनाही कळतं. देशावरच्या माणसाला कळत नाही. त्यांच्याकडं पाऊस जिथं पडतो तिथंच मुरतो.

तेव्हा तपासणी निघाली. तालुक्याहून शाळा तपासणारे दिपोटी साहेब येणार, आणि त्यांना मंत्रिमंडळ बघायचं होतं. त्यांनी कुठून तरी ऐकलं होतं. गुरुजी हरखले. शाळा सारवली, भिंतींना चुना काढला, दाराच्या तुळशीला वाफा केला आणि वाफ्याच्या कडेला गोटे लावून त्यांनाही चुना दिला. सफाईमंत्री यशवंत सकाळपासून घामाघूम झाला होता. सगळ्यांनी धुतलेले कपडे घातले होते. मी आत्याकडं तेल मागितलं, तिनं दिलं, आणि का लागतंय ते विचारलं नाही.

साहेब मधल्या सुट्टीतच आले, त्यामुळं मला ओढ्यावर जायला उशीर झाला. गेले तर काठावर गोटा नव्हता. पाणी लाल होतं आणि त्यावर पातेरा वाहत होता, सुकी पानं, काटक्या, फेस. गोटा बुडला असंच मला वाटलं. मी धावत परत आले. साहेब खुर्चीवर बसले होते, टेबलावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता आणि सुलोचना उभी राहून पाठ केलेलं भाषण म्हणत होती. मी दारातून म्हटलं, "दगड बुडला."

गुरुजी काही बोलायच्या आत यशवंत उठला. "ए बाये, बुडला कुठं? त्यो बघ तुळशीखाली. मीच आनला सकाळी. बरोब्बर गोल व्हता. चुना पन लावलाय!"

सगळे हसले. साहेबांचं पोट हलायला लागलं. मी बाहेर बघितलं, तर खरंच, माझा गोटा तुळशीच्या वाफ्यात बसला होता, बाकीच्यांपेक्षा पांढरा.

"गप," गुरुजी पोरांना म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "शेवंता, दगड राहू दे. पाण्याचं काय ते सांग. सरळ सांग."

आता माझ्याजवळ दगड नव्हता. दगड होता तोवर त्या शब्दाचं काम दगड करत होता. मी म्हटलं, "पूर येतोय. आमाला आत्ता सोडा, नायतर कोन तरी वाहून जाईल."

हसणं थांबलं. भिका खाली वाकून थुंकला, वाईट ऐकलं की थुंकतात तसा. गावातली पोरंसुद्धा माझ्याकडं बघेनात. साहेबांनी खिडकीतून बाहेर बघितलं. बाहेर लख्ख ऊन. "काय गुरुजी, तुमच्या मंत्रीणबाई तर घाबरवतात," ते म्हणाले. "पण लोकशाही आहे ना? मग घ्या मतं. आत्ता सोडावं असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा. खाऊ मात्र कार्यक्रम झाल्यावरच मिळेल हं."

मी हात वर केला. जनीनं माझ्याकडं बघून अर्धा उचलला, तर भिकानं तिचं मनगट धरून खाली ओढला. दत्तू डब्याकडं बघत होता. त्यांच्यावर मी कधी रागावले नाही. बिस्किट आम्ही वर्षातून एकदा खायचो, आणि त्या शब्दाच्या बाजूनं हात वर करणं म्हणजे त्याला घरी बोलावणं. ते लहानपणापासून तेच शिकले होते. मीही तेच शिकले होते. तेवढ्या मोठ्या खोलीत माझा एकटीचा हात वर होता. तो किती वेळ तसा ठेवायचा ते मला कळेना. खाली घ्या असं कोणी सांगितलं नाही.

"ठराव नामंजूर!" साहेब खूश होऊन म्हणाले. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी हातातल्या खडूकडं बघितलं, पण तो खाली ठेवला नाही. मंत्रिमंडळाचा निर्णय मंत्रिमंडळानं घ्यायचा, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं.

आता आमच्या ओढ्यावर पूल आहे. पलीकडं मुंबईच्या लोकांची फार्महाऊसं झाली आहेत. शनिवारी गाड्या येतात, पोरं ओढ्यात बाटल्या फोडतात. शाळा पक्की झाली आणि तिथं मंत्रिमंडळ अजून आहे. गेल्या वर्षी निवडणूक मोबाईलवर झाली. बटण दाबलं की खऱ्या मशीनसारखा आवाज येतो. शाळेतल्या बाई मला घेऊन गेल्या, म्हणाल्या, "आजी, तुमच्या वेळचं काही छान सांगा." मी त्यांना चिंचोक्यांचं सांगितलं. मग एका पोरीनं विचारलं, "आजी, तुमी कुठल्या मंत्री व्हता?" मी सांगितलं. सगळी हसली. बाईपण हसल्या. पुढचं मी सांगितलं नाही. तेव्हा बाई म्हणाल्या, सांगायचं नसेल तर लिहून द्या. म्हणून हे लिहिते. छान नाही, पण लिहिते.

कार्यक्रम लांबला. नाट्यगीत झालं, पाढे झाले, साहेबांचं भाषण झालं. बिस्किटं मिळाली, दोन दोन. मी माझी पदराला, म्हणजे परकराच्या कडेला बांधली. आम्ही निघालो तेव्हा गुरुजी पायात चप्पल न घालता मागून आले.

"गुरुजी, तुमी कशाला?" दत्तूनं विचारलं.

"एक हात वर होता ना," गुरुजी म्हणाले.

ओढ्यावर आलो. पाणी मांडीच्या वर होतं, लाल, पण चढत होतं असं दिसत नव्हतं. एवढ्या पाण्यातून आम्ही पुष्कळदा गेलो होतो. पलीकडं आत्या उभी होती. ती कधी घ्यायला येत नसे. त्या दिवशी का आली ते मी तिला कधी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. गुरुजींनी माझ्याकडं बघितलं, "जायचं का?" मी काही बोलले नाही. एकदा बोलले होते. त्यात माझी चूक झाली असं मी म्हणत नाही. दहा वर्षांच्या पोरीनं एका दिवसात किती वेळा बोलावं?

काठावरच्या उंबराच्या फांदीत आमचा बांबू अडकवलेला असायचा. रीत अशी की बांबू पाण्याच्या धारेच्या दिशेनं लांब धरायचा, सगळ्यांनी त्याला धरायचं, आणि सगळ्यात जड माणूस वरच्या, म्हणजे पाणी येतं त्या टोकाला. पाणी त्याच्यावर फुटतं, मागच्यांना कमी लागतं. गुरुजी शेवटी राहणार होते, कोणी वाहिलं तर धरायला. दत्तू त्यांना म्हणाला, "नाय नाय, तुमी वर ऱ्हावा. तुमी जड." गुरुजी म्हणाले, "मास्तर कोण, तू का मी?" आणि हसून वरच्या टोकाला गेले. त्यांना पोहता येत नव्हतं. हे आम्हाला नंतर कळलं.

अर्ध्याच्या पुढं गेलो होतो तेव्हा वळणावरून आवाज आला. पुढचं मी जसं बघितलं तसं सांगते. वळणावरून पाण्याची भिंत वगैरे आली नाही. पाणी एकदम जाड झालं, आणि त्यात एक मुळासकटचं झाड होतं. गुरुजी म्हणाले, बांबू सोडू नका. मग त्यांनी आपलं टोक दोन्ही हातांनी पलीकडच्या काठाकडं ढकललं आणि स्वतः सोडलं. बांबू आमच्यासकट फिरला. दत्तूच्या हाताला करंजाच्या मुळ्या लागल्या. आत्या कमरेपर्यंत पाण्यात उतरली होती. तिनं जनीला केसांना धरून ओढलं, भिका तिच्या लुगड्याला लोंबकळला, आणि मी बांबूला धरून काठाला आपटले. माझे पुढचे दोन दात तिथं गेले. वर येऊन बघितलं तर ओढ्यात फक्त पाणी होतं. ऊन तसंच होतं.

ते खालच्या बंधाऱ्याशी सापडले. त्यांच्या गावाहून बाप आणि भाऊ आले, त्यांना घेऊन गेले. जाताना त्यांच्या बापानं शाळेच्या कोपऱ्यातलं ज्वारीचं पीठ उचललं, मग परत ठेवलं. ते तिथंच किडलं.

गावानं मला बोल लावला. यशवंतला नाही, साहेबांना नाही, डब्याला नाही. "पोरीनं नाव घेतलं. साहेबाच्या तोंडावर नाव घेतलं," असं पाणवठ्यावर बोलायचे, मला ऐकू जाईल इतकं. सुलोचनेची आई म्हणाली, "जीभ नव्हं ती, इंगळी हाय." पाड्यावर कोणी काही बोललं नाही, पण चिंबोऱ्या येणं बंद झालं. बाप वरून आला, माझ्याकडं बघत बसला, दुसऱ्या दिवशी परत गेला. त्या संध्याकाळी आत्यानं पेज वाढली आणि समोर बसली. म्हणाली, "शेवंते, बोललीस त्ये खरं बोललीस. आता नको बोलू." एवढंच. मग आम्ही ओढा ऐकत जेवलो.

नवीन मास्तर आले. त्यांनी मंत्रिमंडळ ठेवलं नाही आणि गोटा तुळशीखालीच राहिला. ओढ्याला पाणी दिसलं की आम्ही चौघं शाळेतच जात नसू, त्यामुळं कोणी सोडायचा प्रश्न नव्हता. चौथी झाली आणि माझी शाळा संपली. वर्गात मी त्यानंतर हात वर केला नाही. ग्रामसभेत बसते, सगळे हात वर करतात तेव्हा करते. त्याला हात वर करणं म्हणत नाहीत.

ओढ्यात आम्ही पाच जण उतरलो होतो. दत्तू वाचला. त्यानं पुष्कळ वर्षं माथेरानला घोडा चालवला आणि म्हातारा होऊन अंथरुणात गेला. भिका वाचला, तो दारूनं गेला. जनी वाचली. ती रसायनीला मुलाकडं असते, तिला आता ऐकू येत नाही. आणि मी वाचले.